मला कॅन्सर झालाय, थोरली दहावीत आहे. लेकरांना कसं सांगू?

मांजराकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसतं वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. मी उदगीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४३. जूनमध्ये डाव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागली, लातूरला तपासण्या झाल्या, जुलैत ऑपरेशन झालं. स्तनाचा कॅन्सर. आता २० तारखेपासून किमो सुरू होणार आहे. दर २१ दिवसांनी एक, अशा आठ.

लेकरं दोन. थोरली दहावीत, धाकटा आठवीत. दोघांना एवढंच सांगितलंय की आईला गाठ होती, काढली, झालं. आमचे हे म्हणतात, बोर्डाचं वर्ष आहे, मार्चपर्यंत कळू द्यायचं नाही. सासूबाई तर त्या आजाराचं नावच घेत नाहीत, "तसलं" म्हणतात. खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटत होतं.

पण परवा रात्री पाणी प्यायला उठले तर थोरली स्वयंपाकघरात माझी फाईल उघडून बसलेली. मला पाहून तिनं फाईल मिटली. म्हणाली, "आधार कार्ड शोधायले." मी म्हणाले, "कपाटात वरच्या कप्प्यात आहे." बस. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींकडं नीट बघंनात. आणि धाकटा एकाएकी शहाणा झालाय. चारदा हाका मारल्याशिवाय आंघोळीला न जाणारं लेकरू आता स्वतःचं ताट घासून पालथं घालायलंय. मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.

कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठचा | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, तुमच्या लेकीला कळलंय. आधार कार्ड कुणी रात्री बारा वाजता शोधत नाही.

मी नांदेडचा. पंधरा वर्षांचा असताना वडिलांना तोंडाचा कॅन्सर झाला. आम्हाला सांगितलं, दाढेचं ऑपरेशन आहे. आई आणि काका त्यांना देवगिरीनं मुंबईला घेऊन गेले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. मी आणि बहीण आत्याकडं. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "बापाला टाटाला नेलंय म्हणं?" टाटा म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या पाचवीच्या पोरालाही माहीत होतं.

त्यानंतर दीड वर्ष घरात मी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. पण मला जे लिहायचंय ते वेगळंच आहे. वडिलांना तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी टपरीवरून मीच आणून द्यायचो. रोज. उरलेला रुपया मला मिळायचा. ते गेले तेव्हा मी मनाशी धरून बसलो की हे माझ्यामुळं झालं. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कुणाला बोललो नाही. घरात आजाराचं नावच निघत नव्हतं, तर "बाळा, यात तुझा दोष नाही" हे म्हणणार कोण आणि कधी?

तुमच्या धाकट्याच्या मनातही असलं काहीतरी असू शकतं. आंघोळीला त्रास दिला म्हणून आई आजारी पडली, असं. या वयाची पोरं असला हिशोब मांडतात. त्यानं विचारायची वाट बघू नका. आपणहून सांगा.

जालन्याचे_काका | १२ ऑगस्ट, दुपारी १:१५

बाई, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझी वहिनी आजारी होती तेव्हा पुतण्या दहावीला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून शेवटच्या पेपरापर्यंत त्याला काही कळू दिलं नाही. पोरानं निवांत पेपर दिले, ८४ टक्के पाडले. मग सांगितलं. लेकराच्या डोक्यावर आपलं ओझं कशाला द्यायचं? आईबापानं सोसायचं असतं. तुमचे मिस्टर बरोबर बोलतात.

वॉर्डातली_सिस्टर | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

काका, तुमची माया कळते. पण घरात ऑपरेशन झालंय, दर तीन आठवड्यांनी गाडी लातूरला जाणार, आईचे केस जाणार. हे आठ वेळा लपणार नाही. लेकराला कळणारच आहे. कुणाच्या तोंडून कळावं, एवढंच आपल्या हातात आहे.

मी संभाजीनगरला किमोच्या डे केअरमध्ये आहे. ताई, मी घरच्यांना जे सांगते ते तुम्हाला सांगते. दोघांना एकत्र, एकाच दिवशी सांगा. थोरलीला सांगून "धाकट्याला बोलू नको" असं करू नका, ते पाप तिच्या माथी येतं. रविवारची सकाळ बघा, टीव्ही बंद, मिस्टर शेजारी बसलेले. आणि "कॅन्सर" हा शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारा. "तसलं" म्हणालात की लेकरू समजतं, हे नाव घेण्यापलीकडचं भयंकर आहे. ऑपरेशन झालं, आता औषध सलाईनमधून जाणार, त्यानं थकवा येईल, उलट्या होतील, पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातील, संपल्यावर परत येतील. लाल औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नसतं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं बाथरूममध्ये बघून घाबरतात.

हा आजार एकमेकांना लागत नाही, हेही म्हणा. मोठ्यानं म्हणा, सासूबाईंना ऐकू जाईल असं. काही घरांत पेशंटचं ताट-तांब्या वेगळा काढतात आणि लेकरं ते बघतात. एका ताटात जेवलं, गळ्यात पडलं, काही होत नाही. एवढं मात्र पाळा: किमोनंतर पहिले दोन दिवस उलटी-लघवीचे कपडे मोठ्या माणसानं हातमोजे घालून वेगळे धुवायचे, संडासात जास्तीचं पाणी टाकायचं. ते काम लेकरांना देऊ नका.

शेवटी ते विचारतील, "आई, तू मरशील का?" मोठ्यानं नाही तर डोळ्यांनी. तेव्हा "छे, काहीतरीच काय" म्हणू नका. डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितलंय तेच सांगा. आणि म्हणा, यात काही बदललं तर तुम्हाला दुसऱ्याकडून कळणार नाही, मीच सांगेन. हा शब्द दिला की पाळायचा.

मांजराकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०:०५

आज सांगितलं.

हे शेजारी बसले, पण एक शब्द बोलले नाहीत, खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत राहिले. मी बोलले. थोरली म्हणाली, "मला माहितीय. डॉक्सोरुबिसिन लिहिलंय फाईलीत." म्हणजे तेच किमोचं लाल औषध. तीन आठवडे झाले, पोरगी रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन एकटी वाचत होती. कोणत्या स्टेजला किती माणसं जगतात, सगळं. आणि सकाळी उठून मला विचारायची, "आई, डब्याला काय आहे?"

मग हळूच म्हणाली, "मला पण होईल का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गणपतीला मामाच्या घरी जायचं का नाही?" इतकं वाईट वाटलं मला. आई मरणाच्या दारात आणि याला गणपती सुचतोय. रात्री हे म्हणाले, बघ, त्याला काही कळलंच नाही.

वॉर्डातली_सिस्टर | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

ताई, त्याला सगळं कळलंय. तो विचारतोय, आपलं घर पहिल्यासारखं राहणार का. गणपतीला मामाकडं पाठवा. नक्की पाठवा.

थोरलीला सांगा: स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटांत साधारण पाच ते दहा जणींमध्येच तो घराण्यातून आलेला असतो. बाकीच्यांत नाही. तुमच्या बाबतीत शंका असेल तर डॉक्टर आधी तुमची रक्ततपासणी करायला सांगतील, तिची नाही. यासाठी अठरा वर्षांखालच्या मुलींची तपासणी सहसा करतच नाहीत. हा प्रश्न तिला वहीवर लिहून पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्वतः विचारू द्या. मोबाईलवरचे आकडे हजारो अनोळखी बायांचे असतात, तिच्या आईचा रिपोर्ट त्यात नसतो.

खडूफळा | १८ ऑगस्ट, रात्री ८:२०

मी परभणी जिल्ह्यात दहावीचा वर्गशिक्षक आहे. मॅडम, तुम्ही स्वतः शिक्षिका, तरी लिहितो. थोरलीला विचारा, शाळेत कोणत्या एका सरांना किंवा मॅडमना सांगितलेलं चालेल? तिनं नाव सांगितलं की त्यांनाच सांगा, आणि ते स्टाफरूममध्ये पसरणार नाही अशी हमी घ्या. एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी सगळ्या पोरांना एका विद्यार्थ्याच्या वडिलांसाठी हात जोडायला लावले होते. हेतू चांगलाच होता. ते पोरगं पुढं आठ दिवस शाळेत आलं नाही. त्याला वर्गात तरी साधं पोरगं म्हणून राहायचं होतं.

आणि परीक्षेचा बाऊ करू नका. समजा मार्चमध्ये एखादा पेपर राहिलाच, तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, त्याच वर्षी अकरावीला प्रवेश मिळतो. हे तिला आत्ताच सांगून ठेवा. मागं दार उघडं आहे हे माहीत असलं की पुढच्या दारानं जाताना पाय लटपटत नाहीत.

मांजराकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ९:५५

केस गेले. गेल्या आठवड्यात सकाळी उठले की उशीवर काहीच नसायचं, मला वाटलं आपले केस गळंनातच. मग एक दिवस लवकर जाग आली. धाकटा सेलोटेपची पट्टी बोटाला उलटी गुंडाळून माझ्या उशीवरचे केस उचलायला होता. एकेक. मी झोपेत आहे असं समजून. मी डोळे उघडलेच नाहीत.

नंतर त्याला म्हणाले, हे तुझं काम नाही रे सोन्या. तो म्हणाला, "मला हे एकच करायचंय."

थोरली मात्र तुटक वागतेय. शनिवारी शाळेत पालकसभा होती. म्हणाली, "तू नको येऊस, पप्पांना पाठव." मी स्कार्फ बांधून तयार बसले होते. आणखी एक: सोमवारी सांगितलं की लातूरला क्लास लावायचा नाही, अकरावीला आर्ट्स घेणार. सातवीपासून डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा जप करणारी पोरगी.

गोदाकाठचा | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

पालकसभेचं मनाला लावून घेऊ नका ताई. मी वडिलांसोबत बसस्टँडवर दहा पावलं मागं चालायचो. जबड्याला पट्टी असायची, लोक बघायचे. माझी त्यांच्यावर माया नव्हती असं नाही. बघणारे डोळे सहन व्हायचे नाहीत. तिला "तुला आईची लाज वाटते का" असं कुणालाही म्हणू देऊ नका. एकदा ते कानावर पडलं की जन्मभर राहतं.

धाकट्याचं ते काम राहू द्या. एकच आहे, त्यानं स्वतः निवडलंय. पण संध्याकाळी क्रिकेटला हाकला.

वॉर्डातली_सिस्टर | १० सप्टेंबर, दुपारी ३:००

आर्ट्सचं कारण पैसा आहे, मला जवळजवळ खात्री आहे. पोरं बिलं वाचतात, बाप फोनवर कुणाकडं उसने मागतो ते ऐकतात. तिला बसवून हिशोब दाखवा. तुमची वैद्यकीय प्रतिपूर्ती, म्हणजे उपचाराचा खर्च सरकारकडून परत, होईल, किती होईल, कधी होईल, क्लासचे पैसे कुठून येतील. आर्ट्स घ्यायचंच असेल तर घेऊ द्या, पण आपल्या किमोपायी नको.

इतर वाचणाऱ्यांसाठी: सरकारी नोकरी नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, कॅन्सर त्यात आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच आधी भेटा. रेल्वेनं जाणाऱ्यांना हॉस्पिटलच्या दाखल्यावर स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. हे घरातल्या मोठ्या पोरांनाही सांगा. घर बुडायलंय या भीतीनं पोरं शाळा सोडायचा विचार करतात.

बालाघाटची | १३ सप्टेंबर, रात्री ११:५०

दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहू का नको करत होते.

मी बीड जिल्ह्यातली, आता एकोणीस. आईबाप ऊसतोडीला जायचे. मी दहावीत असताना आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. बार्शीला नेलं, नर्गिस दत्त हॉस्पिटलला. पोटात दुखतंय, अंगावर जातंय हे ती दोन पट्ट्यांपासून, म्हणजे दोन सीझनपासून अंगावर काढत होती. फडात कोण दवाखाना करणार.

मला कुणी लपवलं नाही. उलटं झालं. मलाच सगळं सांगितलं आणि मलाच सगळं दिलं. पहाटे साडेचारला उठून सहा माणसांच्या भाकरी, भावांचे डबे, आईचं अंग पुसणं, मग शाळा. माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान भाऊ झोपून असायचा, त्याला कुणी उठवायचं नाही. सगळे म्हणायचे, किती गुणाची पोरगी, आईची आई झाली. मला ते ऐकून चांगलंही वाटायचं, म्हणून तर कळलं नाही की मी सहा महिने एकदाही रडले नाही. ताई, तुमच्या थोरलीचं कुणी असं कौतुक करू लागलं तर सावध व्हा. आणि धाकट्यालाही भाकरी शिकवा.

दिवाळीनंतर पाहुणे यायला लागले. "माय डोळ्यानं बघंल, दोन अक्षता पडू द्या." मी सोळा वर्षांची. बाप पण तयार झाला होता, त्याला वाटायचं बाई गेल्यावर वयात आलेली पोरगी संभाळायची कशी, आणि फडावर जायचं तर कुणाच्या भरवशावर ठेवायची. तेव्हा आई, बिछान्यावरून उठता येत नव्हतं तिला, म्हणाली, "माझ्या मरणाचं निमित्त करून माझ्या लेकीला उजवू नका. मी जित्ती हाय तवर ऐका, मेल्यावर बी ऐका." तिनं आमच्या शाळेच्या बाईंना बोलावून बापासमोर हे परत सांगितलं. बाईंनी बापाला शांतपणे सांगितलं की अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे, गावात ग्रामसेवकच त्याचा अधिकारी असतो, १०९८ या लेकरांच्या हेल्पलाइनला पोरगी स्वतः फोन करू शकते. पाहुणे गेले. आई फेब्रुवारीत गेली, माझ्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी.

आदल्या रात्री मावशीनं मला उठवून सांगितलं, आता थोडाच वेळ आहे, जवळ बस. मी बसले. तिच्या हाताला मेंदी लावली होती मी दोन दिवसांपूर्वी, ती बघत राहिले. भावाला मात्र मामाच्या गावी पाठवलं होतं, त्याला बघवणार नाही म्हणून. तो अजून मला म्हणतो, तुला मिळाली, मला नाही मिळाली.

मी नर्सिंगला आहे आता. धाकटी बहीण बारा वर्षांची, तिला एचपीव्हीची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस द्यायचीय. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात, एवढं मी बापाला पटवलंय.

जालन्याचे_काका | १४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

बेटा, तुझं वाचून रात्री झोप आली नाही. तुझी आई मोठी बाई होती.

आणखी एक सांगतो. काल पुतण्याला फोन केला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला म्हणालो, तुझ्यापासून आम्ही लपवलं ते बरं केलं ना? तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, मला भूगोलाच्या पेपरच्या आधीपासून माहीत होतं. तुम्ही सगळे माझ्यासाठी हसत होता, म्हणून मी पण तुमच्यासाठी हसत होतो." आठ वर्षं मी ते ८४ टक्के गावभर सांगत आलो.

मांजराकाठ | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

मध्ये लिहायला जमलं नाही. तिसऱ्या किमोनंतर सातव्या दिवशी रात्री अंग तापलं. मला वाटलं सकाळी बघू. थोरलीनं थर्मामीटर लावला, १०१. सिस्टरनी मागं तिला फोनवर सांगितलं होतं, किमोत १००.४ च्या वर गेलं की सकाळची वाट बघायची नाही, पांढऱ्या पेशी कमी असतात. तिनं ह्यांना हलवून उठवलं, गाडी काढायला लावली. चार दिवस ॲडमिट होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

पण घरी आल्यापासून पोरगी रात्री दोन-दोन तासांनी उठून माझ्या कपाळाला हात लावतेय. दिवसा वर्गात झोपते. काल चाचणीत गणित कोरं दिलं. मी म्हणाले झोप गं, तर ओरडली, "मी झोपले असते त्या दिवशी तर?"

वॉर्डातली_सिस्टर | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

थर्मामीटर तिच्या हातातून काढून घ्या. आजच. रागवून नाही. मिस्टरांनी तिच्यासमोर घ्यायचा आणि म्हणायचं, आजपासून रात्रीची पाळी माझी, किती वाजता बघितलं ते वहीत लिहून ठेवीन, सकाळी तू वही बघ. तिनं योग्य वेळी योग्य केलं हे सांगा, आणि आता ते मोठ्यांचं काम आहे हेही सांगा. मावशी किंवा आत्या आठ दिवस राहायला येत असेल तर बोलवा.

दोन आठवडे झाले तरी झोप, जेवण, अभ्यास रुळावर आला नाही, किंवा "जगून काय करू" असलं काही बोलली, तर थांबायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र, मराठीत बोलतात. ती स्वतः बोलू शकते, तुम्हीही बोलू शकता.

मांजराकाठ | २० डिसेंबर, रात्री ९:१५

काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातल्या पूजेचा सण झाला. सहा किमो झाल्या. गर्दीत जायला मनाई, पण आपल्याच रानात जायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा ह्यांनी केली, मी बांधावर चिंचेखाली खुर्ची टाकून बसले. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सगळं बहिणीनं आणि सासूबाईंनी केलं. उंडे वळायला धाकटा होता, त्याचे सगळे वाकडे झाले, तेच आधी संपले.

रात्रीची वही हे लिहितात. ऑक्टोबरपासून एक दिवस चुकवला नाही. पहिले पंधरा दिवस थोरली रोज सकाळी ती वही तपासायची. मग एक दिवसाआड. आता कधी बघितली होती ते तिलाच आठवत नसेल. १४४१६ ला ती एकदा बोलली, दार लावून, अर्धा तास. काय बोलली मी विचारलं नाही. ह्यांच्याशी पण एकदा भांडली, "पप्पा, तुम्ही एकदा तरी रडा ना." ते रडले नाहीत, पण त्या रात्रीपासून घरात "कॅन्सर" म्हणतात. सासूबाई अजून "तसलं"च म्हणतात, त्यांना मी काही म्हणत नाही.

सायन्स का आर्ट्स ते अजून ठरलेलं नाही. क्लासची चौकशी मात्र तिनं स्वतः फोन करून केली.

सातवी किमो २४ ला आहे. आजपर्यंतच्या दोन खेपांना ती सोबत आली होती. त्याच आठवड्यात तिची सराव परीक्षा आहे. काल रानातून येताना गाडीत म्हणाली, "आई, या वेळी मी येत नाही. विज्ञान राहिलंय."

मी म्हणाले, बरं.